‘गरीब पण प्रामाणिक’ : ‘पण’ची कुळकथा

गेल्या पावसाळ्यात इंग्रजीचे सर आठवडाभर रजेवर होते आणि नववीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. पण बी.एड. झालेल्या मास्तरला कोणताही तास ‘सांभाळता’ येतो, असा आपल्या शाळांमधला समज आहे. पुस्तक उघडले तर धडा निघाला दोन वाक्ये जोडण्याचा. फळ्यावर लिहिले, ‘ही इज पुअर’ आणि ‘ही इज ऑनेस्ट’. म्हटले, ही दोन वाक्ये ‘बट’ वापरून जोडा.

हे उदाहरण मी स्वतः शाळेत असताना असेच सोडवले होते. माझ्या अब्बांनीही सोडवले असेल. मुलांनी वह्या दाखवल्या. निम्म्या वर्गाने ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ असे लिहिले होते. ती चूक मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“सर, गरीब लोग ऑनेस्ट नहीं होते क्या?”

वर्ग हसला. ती हसली नाही. तिचे वडील राइस मिलमध्ये हमाली करतात, हे मला माहीत होते. “तसं नाही गं,” एवढेच मी म्हणालो. पुढे काय बोलावे ते सुचेना. शेवटी ‘उद्या सांगतो’ म्हणून सुटका करून घेतली. तो ‘उद्या’ उगवायला बरेच दिवस लागले, कारण उत्तर शोधता शोधता मी या चिमुकल्या शब्दाच्या इतिहासात शिरलो. तिला द्यायचे उत्तर म्हणजेच हा लेख.

आधी मुलांच्या चुकीबद्दल. ती आळसातून होत नाही. आमचे कुडवा गोंदिया शहराला इतके चिकटले आहे की नवख्याला दोन्हींची हद्द कळत नाही. इथल्या मुलाच्या कानावर घरात उर्दू, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी किंवा झाडीबोली आणि शाळेत मराठी पडते. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून तिथे ‘पण’चा ‘पन’ होतो. हिंदीत ‘पर’ म्हणतात, उर्दूत ‘लेकिन’ आणि ‘मगर’. या सगळ्या भाषांमध्ये एक सवय सारखी आहे. विरोध दाखवायचा तर शब्द जोडीने येतात. मराठीत ‘जरी’ म्हटले की ‘तरी’ लागतो. संस्कृत वळणाने बोललो तर ‘यद्यपि’ला ‘तथापि’ हवा. उर्दूत ‘अगरचे’ आले की ‘लेकिन’ किंवा ‘फिर भी’ येणारच. आपल्या भाषा बैलजोडीने चालतात, इंग्रजीला एकच बैल पुरतो. ‘ऑल्दो’ आला की ‘बट’ने घरी बसायचे. जुन्या इंग्रजी गद्यात ‘दो’बरोबर ‘येट’ सर्रास यायचा, म्हणजे त्यांच्याकडेही एके काळी जोडी होती. मूल ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहिते, तेव्हा ते आपल्या मातृभाषेचा नियम इमानदारीने पाळत असते. लाल शाईने गोल करण्याआधी एवढे त्याला सांगायला हवे.

हा झाला वापराचा भाग. मुलीचा प्रश्न अर्थाचा होता.

‘बट’ हा शब्द मुळात उभयान्वयी नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘बूटन’ होते आणि त्याचा अर्थ ‘बाहेर’. ‘बाहेर’वरून ‘वगळून’, ‘शिवाय’ हा अर्थ आला आणि फार नंतर ‘पण’. स्कॉटलंडमध्ये दोन खोल्यांच्या लहान घराला ‘बट अँड बेन’ म्हणत. ‘बेन’ म्हणजे आतली खोली, ‘बट’ म्हणजे बाहेरची. आमच्याकडे घराच्या पुढच्या भागाला सपरी म्हणतात. आल्यागेल्याला सपरीत बसवायचे आणि घरच्या माणसाला आत न्यायचे, तसाच हा प्रकार. इंग्रजीचा ‘बट’ हा मूळचा सपरीतला शब्द आहे.

आता उर्दूचा ‘मगर’ पाहा. मराठीत मगर पाण्यात राहते, त्यामुळे ‘मगर’ने सुरू होणारे वाक्य मराठीच्या तासाला कुणी बोलले की पोरांना हसू आवरत नाही. उर्दूचा ‘मगर’ मात्र फारसीतून आला. ‘म’ म्हणजे नाही आणि ‘अगर’ म्हणजे जर. दोन्ही मिळून ‘जर नाही’, म्हणजे ‘वगळता’. अरबीतला ‘इल्ला’ असाच घडला. ‘इन्’ म्हणजे जर, ‘ला’ म्हणजे नाही. कलम्यात ‘ला इलाह’नंतर येतो तोच हा ‘इल्ला’. म्हणून इंग्रजीत कलम्याचा अर्थ सांगताना ‘देअर इज नो गॉड बट गॉड’ असे लिहितात. मुलांना मी मुद्दाम विचारले, या ‘बट’च्या जागी मराठीत ‘पण’ घालता येईल का? त्यांनी घालून पाहिले आणि वाक्य मोडले. इथे ‘पण’ चालत नाही, ‘शिवाय’ लागतो. अल्लाहशिवाय कुणी उपास्य नाही. तीन अक्षरांच्या एका इंग्रजी शब्दात ‘पण’ आणि ‘शिवाय’ असे दोघे शेजारी नांदतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून कलम्याचेही वाटोळे करू शकतो.

आपल्या कायद्याच्या भाषेतही हा धागा सापडतो. एखाद्या कलमात नियम सांगून झाला आणि त्याला अपवाद जोडायचा असला की मराठी मसुद्यात नवी ओळ ‘परंतु’ने सुरू होते. इंग्रजीत तिथे ‘प्रोव्हायडेड दॅट’ असते. म्हणजे आधी सगळ्यांना आत घ्यायचे, मग ‘परंतु’ म्हणून काहींना बाहेर काढायचे.

मराठीचा ‘पण’ वेगळ्या कुळातला आहे. तो संस्कृत ‘पुनः’वरून प्राकृतातून आला. ‘पुनः’ म्हणजे पुन्हा, आणखी. ज्ञानेश्वरीत विरोधासाठी पावलोपावली ‘परी’ भेटतो. ‘परी’, ‘परंतु’, ‘पण’ आणि ‘किंतु’ ही भावंडे पुढे व्याकरणाच्या पुस्तकात एका रांगेत बसली.

मराठीच्या व्याकरणाचा छापील इतिहास तसा फार जुना नाही. विल्यम कॅरीने १८०५ मध्ये सेरामपूरला मराठीचे व्याकरण छापले, तेही इंग्रजीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ काढले. मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. शाळेत आपण आजही उभयान्वयी अव्ययांचे जे प्रकार घोकतो, ते याच परंपरेतून आले. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. त्यांतल्या तिसऱ्या डब्यात ‘पण’ असतो.

न्यूनत्वबोधक म्हणजे उणीव दाखवणारा. पहिल्या वाक्यात काही कमी आहे, असे सुचवणारा. वीस वर्षे मी हा शब्द फळ्यावर लिहीत आलो आणि एकदाही थांबून त्याचा अर्थ ऐकला नाही. त्या मुलीने तो न वाचताच ऐकला होता. ‘तो गरीब आहे, पण प्रामाणिक आहे’ या वाक्यात उणीव कशात दाखवली आहे? गरिबीत. गरीब म्हटल्यावर ज्याच्या मनात चोर उभा राहतो, त्यालाच इथे ‘पण’ घालावासा वाटतो. ‘तो श्रीमंत आहे, पण प्रामाणिक आहे’ हे वाक्य मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेले नाही.

याच जागी पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनीही डोके खाजवले आहे. जर्मन तर्कशास्त्रज्ञ गॉटलोब फ्रेगे याने १८७९ च्या आपल्या पुस्तकात ‘आणि’ व ‘पण’ यांच्यातला फरक नोंदवला. तर्काच्या हिशेबात दोन्ही सारखेच. तो गरीब आहे हे खरे, तो प्रामाणिक आहे हेही खरे, मग मध्ये ‘आणि’ घाला नाहीतर ‘पण’. फरक पडतो तो सुचवण्यात. इंग्रज तत्त्वज्ञ पॉल ग्राइसने १९६१ च्या एका निबंधात नेमके ‘ती गरीब होती, पण प्रामाणिक होती’ हेच वाक्य उदाहरणाला घेतले. बोलणारा दोन गोष्टी उघड सांगतो आणि तिसरी न सांगता तुमच्या खिशात सरकवतो. खोटे बोललास, असे म्हणून त्याला पकडता येत नाही, कारण त्याने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

मला पटणारे उत्तर सापडले ते अरबी व्याकरणात. अरबी वैयाकरण ‘लाकिन’ला, म्हणजे आपल्या उर्दूच्या ‘लेकिन’ला, ‘हर्फ़-ए-इस्तिदराक’ म्हणतात. इस्तिदराक म्हणजे सुटलेले भरून काढणे, चूक सावरणे. पहिले वाक्य ऐकून ऐकणाऱ्याच्या मनात एखादा चुकीचा समज उभा राहू शकतो. तो दूर करण्यासाठी ‘लाकिन’ येतो. नावातला फरक बघा. मराठी नाव उणीव पहिल्या वाक्यात शोधते. अरबी नाव ती ऐकणाऱ्याच्या समजुतीत शोधते. तेव्हा त्या मुलीला द्यायचे उत्तर असे निघते : बेटा, कमी गरिबात नाही. ‘गरीब’ ऐकताच ज्याने मनात काहीतरी धरले, कमी त्याच्या मनात आहे. ‘पण’ ती उघडी पाडतो.

आता हा प्रश्न माझ्यापर्यंत कसा पोचतो, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक प्रशिक्षणात मी मराठीच्या गटात होतो. दुपारच्या चहाला एक ज्येष्ठ गुरुजी जवळ आले, पाठीवर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, “तुम्ही मुसलमान आहात, पण मराठी काय सुंदर बोलता हो!” त्यांना माझे कौतुकच करायचे होते. मीही ‘धन्यवाद सर’ म्हणालो. चहा गार झाला. हे वाक्य मी आयुष्यात कितीदा ऐकले, याची मोजदाद नाही. दर वेळी हसून घेतले. ते टोचते हे कळायचे, पण नेमके कुठे टोचते ते बोट ठेवून दाखवता येत नव्हते. नववीतल्या मुलीने ते दाखवले. दोन्ही गोष्टी खऱ्या, तिसरी खिशात.

न्यायाने बोलायचे तर खिशात सरकवणारे एकाच बाजूला नाहीत. माझ्याच नात्यातले लोक माझी ओळख करून देतात, “मराठी पढ़ाते हैं, मगर नमाज़ के पाबंद हैं.” म्हणजे इकडे मुसलमान असण्यात न्यूनत्व आणि तिकडे मराठी शिकवण्यात. मी दोन्ही सपऱ्यांत बसलेला पाहुणा.

हा ‘पण’ इतिहासाला तरी धरून आहे का? माझे म्हणणे आहे, नाही. आणि पुरावा त्याच व्याकरणाच्या धड्यात आहे.

उभयान्वयी अव्ययांचे जे चार डबे वर सांगितले, ते उघडून पाहा. समुच्चयबोधकात ‘व’ आहे. ‘राम व श्याम’मधला हा ‘व’ मूळचा अरबी, फारसीमार्गे आलेला. संस्कृतात ‘वा’ आहे, पण त्याचा अर्थ ‘किंवा’. विकल्पबोधकात ‘किंवा’, ‘अथवा’बरोबर ‘अगर’ बसतो. तो फारसीचा. गंमत अशी की फारसी-उर्दूत ‘अगर’ म्हणजे ‘जर’, मराठीत आल्यावर त्याचा झाला ‘किंवा’. ‘अर्जदार अगर त्याचा प्रतिनिधी’ असे वाक्य आमची उर्दू शाळेची मुले हमखास उलटे वाचतात, ‘अर्जदार, जर त्याचा प्रतिनिधी’. न्यूनत्वबोधकात ‘पण’, ‘परंतु’च्या मांडीला मांडी लावून ‘बाकी’ बसला आहे. ‘माणूस तापट आहे, बाकी मनाने चांगला.’ हा ‘बाकी’ अरबी. आणि परिणामबोधकात ‘म्हणून’, ‘यास्तव’बरोबर ‘सबब’. तोही अरबी. चारही डब्यांत एकेक दाणा अरबी-फारसीचा. जुन्या पत्रांतून आणि बखरींतून तर ‘लेकिन’ आणि ‘बल्की’ही भेटतात.

नामे उसनी घेणे सोपे असते. वस्तू आली की नाव येते. कागद, दुकान, तारीख, वकील हे शब्द मराठीत आले, तसे पुढे टेबल आणि स्टेशन आले. जोडणारे शब्द मात्र असे बाजारातून आणता येत नाहीत. ‘व’ आणि ‘सबब’ यांना वजन नाही, रंग नाही, ते हातात धरून दाखवता येत नाहीत. दोन भाषा बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कचेरीत, एकाच बाजारात, एकाच वाक्यात वावरतात, तेव्हाच असे शब्द इकडून तिकडे जातात. दख्खनच्या सुलतानी काळात महसुलाचे हिशेब लिहिणारा मराठी कारकून आणि वर शिक्का मारणारा फारसी जाणणारा अंमलदार यांच्यात हे घडले.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यात दहा वर्ग आहेत : दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापती झाला. राज्य उभारणाऱ्या राजाने आपल्या दरबाराची भाषा घडवावी, हे रास्तच. पण त्या दहांत जोडणाऱ्या शब्दांचा वर्ग नाही. तो कोश वस्तूंचा, पदांचा आणि व्यवहाराचा होता. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १६२८, १६७७ आणि १७२८ या सालांतली पत्रे घेऊन शब्द मोजले. पहिल्या पत्रात मराठी शब्द शेकडा पंधराच्या आत होते, शंभर वर्षांनंतरच्या पत्रात नव्वदीच्या वर गेले. फारसीचा लोंढा असा ओसरला. तरी ‘व’ राहिला, ‘सबब’ राहिला. आज त्यांना कुणी परके म्हणत नाही. १९२५ मध्ये माधव जूलियनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला. तो चाळताना आपण रोज काय काय बोलतो, याचे नवल वाटते.

या सगळ्याचा कसून अभ्यास करणाऱ्यांत एक नाव डॉ. यू. म. पठाण यांचे. ‘मराठी बखरींतील फार्सीचे स्वरूप’ हा त्यांचा ग्रंथ. महानुभाव आणि संतसाहित्याचे ते गाढे अभ्यासक आणि १९९० च्या पुणे येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्याच वर्षी सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या नावाकडे नीट पाहा. ‘मुस्लिम’ आणि ‘मराठी’ हे दोन शब्द शेजारी आहेत आणि मध्ये काहीही नाही. ‘पण’ नाही, ‘तरी’ नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ ओव्यांत लिहिला. शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदाने गाजवली. त्यांनाही मध्ये ‘पण’ची गरज पडली नव्हती.

आठवडा संपला, इंग्रजीचे सर परत आले. मी त्यांच्याकडून पंधरा मिनिटे मागून घेतली. फळ्यावर तीच दोन वाक्ये लिहिली आणि वर लिहिलेले बरेचसे मुलांना त्यांच्या भाषेत सांगितले. मग विचारले, आता ‘बट’ काढून दुसरे काय घालाल? एक मुलगा म्हणाला, ‘अँड’. बरोबर. ‘तो गरीब व प्रामाणिक आहे.’ मराठीतल्या या वाक्याचा सांधा जो ‘व’ सांभाळतो, तो अरबस्तानातून निघून इराणमार्गे आलेला आहे, हे सांगितल्यावर पोरांचे डोळे चमकले.

मग त्या मुलीने पुन्हा हात वर केला. म्हणाली, “सर, मराठीत ‘मी पण येते’ म्हणतात ना? तो ‘पण’ कोणता?”

खरेच की. ‘पुनः’तला ‘आणखी’ हा जुना अर्थ बोलीभाषेने असा जपून ठेवला आहे. शुद्धतेचे आग्रही तिथे ‘सुद्धा’ किंवा ‘ही’ वापरा म्हणतात. वापरू द्या. शब्द तोच, फक्त जागा बदलते. मध्ये आला की विरोध करतो, मागे आला की आत घेतो. मी फळ्यावर तिचे वाक्य लिहिले आणि खाली आणखी एक : ‘ते गरीब पण आहेत, प्रामाणिक पण आहेत.’ तिने ते वहीत उतरवून घेतले.

ते ज्येष्ठ गुरुजी पुन्हा भेटले, तर वाद घालणार नाही. त्यांचे वाक्य त्यांनाच थोडे दुरुस्त करून परत देईन : सर, मी मुसलमान पण आहे, मराठी पण आहे.